गोलात आधी कोण?

पोस्ट जरा लांब झालीय. जेवणं उरकली की निवांत वाचा, पण अर्ध्यात सोडू नका. विषय चौकाचा आहे आणि आपल्या लेकराबाळांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

आपल्या युसूफ वडगावातून कामासाठी बाहेर पडलं की केज, अंबाजोगाई, कळंब, नाहीतर लातूर. कचेरी असो, दवाखाना असो, कॉलेज असो की मोंढा, वाटेत चौक लागणारच. कुठं मधोमध पुतळा आणि त्याला कठडा, कुठं हायमास्टचा खांब, कुठं नुसतेच लाल-पांढरे ड्रम. कुणी त्याला सर्कल म्हणतं, कुणी गोल, लातूरकर गोलाई म्हणतात. चारी बाजूंनी गाड्या येतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच असतं, मी आधी. ज्याची गाडी मोठी तो आधी. ज्याचा हॉर्न कर्कश तो आधी. ज्याच्या काचेवर 'दादा', 'भाऊ', 'किंग' लिहिलंय तो तर सगळ्यांच्या आधी. आणि सायकलवरची पोरगी, डोक्यावर गाठोडं घेतलेली मावशी, एमएटीवर बायकोला दवाखान्यात घेऊन निघालेला म्हातारा, हे सगळ्यात शेवटी.

माझं म्हणणं सरळ आहे. गोलात आधी कोण, हे गाडीवरून, हॉर्नवरून, नावावरून ठरत नाही. जो आधी गोलात शिरलाय तो आधी. बाहेरून येणाऱ्यानं थांबायचं. हा एक नियम आपल्या भागात रुजला तर चौकातली बरीच भांडणं, बरेच पत्रे आणि काही जीव वाचतील.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढी मोठी पोस्ट कशाला? तर ऐका. बीड जिल्ह्यानं तरी सर्कलचा विषय हलक्यात घेऊ नये.

३ जून २०१४ ची सकाळ आठवा. लोकसभेचा निकाल लागून तीन आठवडेही झाले नव्हते. २६ मे रोजी गोपीनाथराव मुंडे साहेबांनी केंद्रात मंत्री म्हणून शपथ घेतली होती, ग्रामविकास खातं मिळालं होतं. त्या सकाळी ते दिल्लीतल्या घरून विमानतळाकडं निघाले होते. पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड जिथं मिळतात, त्या सर्कलपाशी दुसऱ्या एका गाडीनं त्यांच्या गाडीला धडक दिली. साहेब मागच्या सीटवर होते. एम्समध्ये नेलं, पण उपयोग झाला नाही. पुढं लोकांच्या मागणीवरून सीबीआय तपास झाला आणि त्यात घातपात आढळला नाही, अपघातच ठरला. पट्टा लावलेला असता तर कदाचित वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन स्वतः बोलले होते.

विचार करा. देशाची राजधानी. चांगला रुंद रस्ता. सकाळची मोकळी वेळ. साधी, रोजची वाटावी अशी धडक. आणि आपल्या जिल्ह्याचा एवढा मोठा माणूस गेला. पक्ष कुठलाही असो, त्या दिवशी या जिल्ह्यात किती घरांत चूल पेटली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या अपघातातून आपण काय शिकलो? घातपाताची चर्चा वर्षानुवर्षं केली. सर्कलमध्ये गाडी कशी घालावी याची चर्चा एकदाही केली नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच केज तालुक्यातलं. राजेगावचे विनायकराव मेटे साहेब. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे एक्सप्रेस हायवेवर त्यांची गाडी पुढच्या ट्रकला धडकली. तिथं सर्कल नव्हतं, लेन होत्या. त्यानंतर कुणी कुठल्या लेननं चालावं, ट्रकनं कुठली लेन धरावी, ओव्हरटेक कुठून करावं, यावर राज्यभर चर्चा झाली. महिना-दोन महिने झाली, मग विरली.

ही दोन माणसं मोठी होती म्हणून बातमी झाली. ज्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते त्यांचं काय? केंद्र सरकारचाच आकडा आहे, २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवाले, शंभरात चव्वेचाळीसच्या आसपास. म्हणजे आपल्यासारखेच, ज्यांच्या घरी चारचाकी नाही आणि ज्यांच्या घराचा कमावता माणूस दुचाकीवरच असतो.

आता नियमाकडं येऊ. हा माझ्या घरचा नियम नाही. १९८९ पासून केंद्राचे रस्त्याचे नियम आहेत. त्यात होतं की चौकात मोठा रस्ता ठरवून दिलेला नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. २०१७ साली ते जुने नियम काढून नवी नियमावली आली. त्यात सर्कलचा वेगळा उल्लेख आहे. सर्कलमध्ये जो आधीच शिरलाय त्याचा हक्क पहिला, जो शिरू पाहतोय त्यानं थांबायचं. दोन्हींचा अर्थ एकच निघतो. आपल्याकडं गाडी डाव्या बाजूनं चालते, म्हणजे गोलाला फेरा घड्याळाच्या काट्यासारखा, गोल आपल्या उजव्या हाताला. मग तुम्ही गोलाच्या तोंडाशी उभे असताना आतली गाडी तुमच्या उजवीकडूनच येणार. म्हणून लक्षात ठेवायला सोपं करून सांगतो: तोंडाशी आलात की उजवीकडं बघा. कुणी येतंय? थांबा. मोकळं आहे? न थांबता निघा.

हे न पाळल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात दंडही आहे, ५०० पासून १,००० रुपयांपर्यंत. हेल्मेटची पावती फाटलेली आपल्याला माहीत असते. पण गोलात आडवं घुसला म्हणून पावती फाडल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कमेंटमध्ये सांगा.

आणि दिशेचं काय सांगावं? अंबाजोगाईला योगेश्वरी आईच्या देवळात आपण प्रदक्षिणा घालतो. देवी उजव्या हाताला ठेवतो. लहान पोरगं उलटं निघालं तरी आजी त्याचा हात धरून वळवते. आपले मुसलमान भाऊ हजला जातात, तिथं तवाफ उलट दिशेनं, काबा डाव्या हाताला ठेवून. पण लाखो माणसं एकाच दिशेनं चालतात, कुणी शॉर्टकट मारत नाही. म्हणजे गोल फिरायची शिस्त आपल्याला नवी नाही. ती आपल्या अंगात आहे. पण गाडीवर बसलो की ती उतरते. चारशे पावलं वाचावीत म्हणून आपण पुतळ्याच्या डाव्या बाजूनं जायचं सोडून राँग साईडनं उजवीकडं कट मारतो. समोरून येणारा ब्रेक दाबतो, शिवी देतो, आपण हसून निघतो.

ज्या पुतळ्याभोवती आपण हे करतो तो बहुतेक ठिकाणी शिवरायांचा असतो. १९ फेब्रुवारीला त्याच पुतळ्याला हार घालतो, डोकं टेकवतो. रयतेच्या गवताच्या काडीलाही आपल्या लष्कराचा त्रास होऊ नये म्हणून चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्याच लोकांना कडक पत्र लिहिणारा तो राजा. त्यांच्या डोळ्यांपुढं आपण म्हाताऱ्या माणसाला हॉर्न मारून बाजूला करतो. जयंतीला डीजे किती मोठा लावला यापेक्षा उरलेले ३६४ दिवस त्या चौकात कमजोर माणसाला वाट मिळते का, हे बघितलेलं बरं.

आता बरेच जण म्हणतील, "भाऊ, नियम पाळत उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत उभंच राहावं लागेल. आपल्याकडं कोण साईड देतंय?" हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

गोल जाम का होतो, ते आधी बघा. समजा चार रस्ते आहेत. बाहेरचे आत घुसतात आणि आतल्याला थांबवतात. आतला थांबला की त्याच्या मागचे थांबतात. मागचे थांबले की त्यांच्या मागं ज्याला बाहेर पडायचंय त्याचा रस्ता बंद. बाहेर पडणाराच अडकला तर गोल रिकामा होणार कसा? तेवढ्यात आणखी चार जण तोंडातून आत घुसतात. झालं. चारी बाजूंनी एकमेकांच्या शेपट्या धरलेले साप. कुणालाच पुढं जाता येत नाही, मागंही सरकता येत नाही. मग कुणीतरी गाडीतून उतरून हातवारे करतो आणि अर्ध्या तासानं सुटतं.

आता उलटं बघा. बाहेरचे थांबले, आतल्याला जाऊ दिलं. आतला बाहेर पडला की तिथं फट तयार होते. त्या फटीत बाहेरचा एक शिरतो. तो बाहेर पडतो, दुसरा शिरतो. गोल कधी भरतच नाही, म्हणून कधी अडकतही नाही. दोन-चार सेकंद थांबल्यानं आपला वेळ जात नाही, वाचतो. भरल्या पोत्यात आणखी ज्वारी घालायला गेलं तर सांडते, तसंच आहे हे.

हे सगळं दुनियेनं आधी भोगलंय. पॅरिसमध्ये एक जगप्रसिद्ध कमानीचा चौक आहे, त्याला १२ रस्ते मिळतात. तिथं १९०७ च्या सुमारास गाड्या एकाच दिशेनं गोल फिरवायला सुरुवात झाली. पण तिथं आजही आत शिरणाऱ्याला आधी वाट, आतल्यानं थांबायचं, हा जुना रिवाज आहे. त्यामुळं तो चौक गोंधळासाठीच प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्येही आधी ठाम नियम नव्हता, गोल असेच जाम व्हायचे. १९६६ साली तिथं नियम केला की आतल्याला आधी वाट. रस्ते तेच, गाड्या त्याच, फक्त कोण थांबणार एवढं ठरलं आणि गोल वाहायला लागले. तिथून हा नियम जगभर गेला.

आणि बारा रस्त्यांचं कौतुक आपल्याला कशाला? आपल्या लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते मिळतात. १९१७ साली तिथली दुमजली इमारत उभी राहिली, मधे देवीचं देऊळ आणि भोवती एकेका मालाची एकेक बाजारपेठ. निजामाच्या राज्यात, शंभर वर्षांपूर्वी, ज्यानं हे आखलं त्याची नजर बघा. तेव्हा बैलगाड्या होत्या, टांगे होते. गोल आखणाऱ्यानं आपलं काम केलं. त्यात आता आपण काय करतोय, हा प्रश्न आहे.

गोलाचा आणखी एक फायदा आहे. साध्या चौफुलीवर, जिथं मधे काहीच नाही, तिथं दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतील अशा ३२ जागा असतात. तिथंच एका लेनचा गोल केला तर त्या जागा ८ वर येतात. समोरासमोर आणि काटकोनात होणारी धडक, ज्यात माणूस हमखास जातो, ती जवळजवळ निघून जाते. वेगही कमी करावा लागतो. पण हा सगळा फायदा सगळे एकाच दिशेनं फिरले आणि बाहेरचे थांबले तरच. एक जण राँग साईडनं आला की फायदा गेला.

आता लेनचं. इथं शिकलेली माणसंसुद्धा चुकतात, कारण लायसन काढताना हे कुणी नीट समजावून सांगत नाही. समजा गोलाभोवती दोन गाड्या शेजारी-शेजारी चालतील एवढी जागा आहे.

डावीकडच्या पहिल्या रस्त्याला वळायचं असेल तर आधीपासून डावी बाजू धरा, डावा इंडिकेटर द्या, बाहेरच्या कडेनं जा आणि बाहेर पडा.

सरळ जायचं असेल तरी डावीच बाजू धरा. शिरताना इंडिकेटर नको. डावीकडचा पहिला रस्ता मागं पडला की डावा इंडिकेटर द्या आणि आपल्या रस्त्याला लागा.

उजवीकडं जायचं असेल, किंवा वळून परत यायचं असेल, तर आधीपासून उजवी बाजू धरा, उजवा इंडिकेटर द्या आणि आतल्या कडेनं, कठड्याजवळून फिरा. आपल्या रस्त्याच्या आधीचा रस्ता मागं पडला की डावा इंडिकेटर, डाव्या आरशात नजर, आणि मग हळूच बाहेर.

आपला रस्ता हुकला तर? घाबरून ब्रेक मारू नका, रिव्हर्स तर मुळीच घेऊ नका. आणखी एक फेरा मारा. फेऱ्याला तिकीट नाही.

सगळ्यात जास्त अपघात कुठल्या सवयीनं होऊ शकतो, तर आतल्या कडेनं फिरत यायचं आणि आपला रस्ता दिसला की बाहेरच्याच्या नाकासमोरून एकदम डावीकडं मारायचं. बाहेरून मोटारसायकलवाला सरळ चाललेला असतो. त्याला काय स्वप्न पडलंय तुम्ही इथंच वळणार म्हणून? हा इंडिकेटर गाडीला कंपनीनं शोभेसाठी लावलेला नाही. आणि मोटारसायकलवाल्या भावांनो, तुम्हीही दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून पुढचं चाक घालू नका. फट दिसते तेवढी मोठी नसते.

जुन्या लोकांना खळ्यातली पात आठवत असेल. तिवड्याजवळ सावकाश चालणारा बैल, कडेला दमदार चालीचा बैल. प्रत्येकाची जागा ठरलेली, कुणी कुणाच्या आडवं जायचं नाही. बैलांना जे जमत होतं ते आपल्याला जमू नये?

आता आपल्या भागाचा खास विषय, ऊस. हंगाम सुरू झाला की रांजणीकडं, आनंदगावकडं, अंबासाखरकडं ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरगाड्यांची रांग लागते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाही, ती आतल्या बाजूला कापत जाते. गोलात फिरताना ती कठड्याकडं सरकते, आणि गोलातून डावीकडं बाहेर पडताना डाव्या कोपऱ्याकडं सरकते. म्हणून कठडा आणि ट्रॉलीच्या मधे, किंवा कोपरा आणि ट्रॉलीच्या मधे, दुचाकी कधीच घालू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागं उसाचा डोंगर असतो. उसाच्या ट्रॅक्टरला दोन्ही लेन लागतात, त्याला त्या घेऊ द्या. मागं थांबा. दोन मिनिटं जातील.

आणि ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तुम्हाला हात जोडून. डेकचा आवाज एवढा नको की मागचा ओरडला तरी ऐकू येणार नाही. ट्रॉलीला मागं आणि बाजूला रिफ्लेक्टर लावा. पट्टी मोजक्या पैशांत येते. टायरगाडीवाल्यांचं तर काय बोलावं. त्यातली निम्मी आपलीच माणसं असतात. इथली नाहीत तर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली. दिवसभर कोयता चालवून अंधारात गाडीवर बसलेला बाप, मागं झोपलेलं लेकरू. कोपऱ्यावरून भरधाव येणाऱ्या स्कॉर्पिओला ती गाडी दिसलीच नाही तर काय होतं, हे बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. चौकात त्या गाडीला आधी जाऊ दिलं तर आपला मोठेपणा कमी होत नाही.

अँब्युलन्सचंही सांगतो. आपल्याकडचा सिरियस पेशंट अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जातो. १०८ चा भोंगा ऐकू आला की आपण गोलातच ब्रेक दाबून उभे राहतो. भावना चांगली, पण त्यानं अँब्युलन्सच अडकते. तुम्ही गोलाच्या बाहेर असाल तर तिथंच डावीकडं थांबा, आत शिरू नका. आत असाल तर थांबू नका, पहिल्या रस्त्यानं बाहेर पडा आणि मग डावीकडं घ्या. अँब्युलन्सला मुद्दाम वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, असा कायदा आहे. पण कायद्यासाठी नको, आत आपलंच माणूस असू शकतं म्हणून.

आई-बापांनाही एक विनंती. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात बुलेट देऊन स्टेटस ठेवणं बंद करा. अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर गाडीमालकाला आणि पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ पासून आहे. दंड भरता येईल. पोरगं परत आणता येत नाही.

सगळा दोष चालवणाऱ्यांचाच आहे का? अजिबात नाही. नियम पाळायची इच्छा असली तरी पाळता येऊ नये, अशी आपल्या चौकांची अवस्था आहे. म्हणून ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडं या मागण्या.

एक, गोलाच्या प्रत्येक तोंडावर थांबायची पांढरी तुटक रेघ मारा आणि मराठीत मोठा फलक लावा, "गोलातल्या गाडीला आधी वाट द्या". रेघच नाही तर थांबायचं कुठं?

दोन, कठड्यावरचे आणि कोपऱ्यावरचे वाढदिवसाचे फ्लेक्स काढा. उजवीकडं बघा म्हणून मी सांगतोय, पण उजवीकडं कुणाच्या तरी कार्यसम्राटाचा पंधरा फुटी चेहरा असेल तर गाडी दिसणार कशी? यात सगळ्या पक्षांचे आहेत, माझ्या मित्रांचेही आहेत.

तीन, गोलाच्या तोंडाशी जीप, रिक्षा, हातगाडे आणि बस थांबू देऊ नका. गरिबाचं पोट मारा असं मी म्हणत नाही. शंभर फूट पुढं थांब्याची आणि गाड्यांची जागा आखून द्या. पोटही चालेल, गोलही चालेल.

चार, रात्री उजेड पाहिजे. हायमास्ट लावताना फोटो निघतो, बंद पडल्यावर कुणी येत नाही. कठड्याला आणि ड्रमला चमकणारी पट्टी मारा.

पाच, रस्ता बांधणाऱ्यांनी गोल कसा असावा याची देशाची मार्गदर्शक तत्त्वं बघावीत. इंडियन रोड्स काँग्रेसचं त्यासाठी वेगळं पुस्तक आहे, १९७६ चं, आणि २०१७ मध्ये ते सुधारलंय. किती व्यासाचा गोल, तोंडाला किती वळण, सगळं त्यात आहे. चार ड्रम ठेवले म्हणजे सर्कल होत नाही. रस्त्याच्या रचनेत ठरलेले निकष न पाळल्यामुळं माणूस मेला तर ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, अशीही तरतूद कायद्यात आहे. तिचा वापर कुणीतरी मागायला पाहिजे.

सहा, हंगाम सुरू व्हायच्या आधी पोलीस ठाणं, कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि ट्रॅक्टरमालक यांची एक बैठक व्हावी. रिफ्लेक्टर, डेक, दोन ट्रॉल्या आणि चौकातून जायची पद्धत, एवढे चारच विषय. आपल्या युसूफ वडगावात पोलीस ठाणं आहे, सुरुवात इथून झाली तर मला आनंदच आहे.

यातलं बरंचसं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. रस्ता एकाचा, चौक दुसऱ्याचा, दिवा तिसऱ्याचा. पण येत्या ग्रामसभेत ठराव घेऊन वर पाठवायला कुणी अडवलेलं नाही. ठरावाची प्रत हातात असली की पुढं विचारता येतं.

शेवटी पुन्हा मूळ मुद्द्यावर. "सगळे पाळतील तेव्हा मी पाळीन" असं म्हणाल तर पुढची पन्नास वर्षं कुणीच पाळणार नाही. गोलाच्या तोंडाशी एक गाडी थांबली की मागच्या चार गाड्यांना थांबावंच लागतं. त्यासाठी पोलीस लागत नाही, सिग्नल लागत नाही. पुढं असलेला एक माणूस पुरतो.

आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी घेतलं जातं, हे तुम्ही रोज टीव्हीवर बघता. दादागिरी, टोळ्या, दहशत. बाहेर शिकायला गेलेल्या पोरांना बीडचे म्हटल्यावर लोक कसे बघतात, ते पोरांना विचारा. ती मोठी दुखणी एका पोस्टनं बरी होणार नाहीत. पण दादागिरीचं बाळकडू कुठं मिळतं? जिथं मोठ्या गाडीला छोटी गाडी गपगुमान वाट देते, तिथं बापाशेजारी बसलेलं लेकरू बघत असतं. त्याला कळतं की इथं ज्याचा हॉर्न मोठा त्याचं चालतं. त्याच लेकरानं बापाला थांबून सायकलवाल्या पोरीला वाट देताना बघितलं तर त्याला दुसरं काहीतरी कळेल.

गोलात पद नाही, पक्ष नाही, जात नाही, आडनाव नाही. आमदाराची फॉर्च्युनर बाहेर असेल आणि आत टायरगाडी असेल, तर हक्क टायरगाडीचा. एवढी साधी बरोबरी दुसरीकडं कुठं मिळते सांगा.

उद्या सकाळी बाहेर पडाल तेव्हा गोलाच्या तोंडाशी वेग कमी करा, उजवीकडं बघा, आतल्याला जाऊ द्या. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या.

पटलं तर पुढं पाठवा. ट्रॅक्टरवाल्या, जीपवाल्या आणि नवीन गाडी घेतलेल्या मित्रांना तर नक्की टॅग करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये कारण लिहा, भांडू आपण, पण चौकात नको. आणि आपल्या जवळचा सगळ्यात धोक्याचा चौक कोणता आणि तिथं नेमकी काय अडचण आहे, तेही लिहा. यादी करू, ग्रामसभेत ठेवू.

जपून चालवा. घरी कुणीतरी वाट बघतंय.